एका उठावाच्या दोन शिक्षा



दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारातल्या पिंपळाखाली माणसं जमतात. जिवती-राजुऱ्याकडून येतात, अहेरीकडून येतात, फुलं वाहतात, लेकरांना झाड दाखवतात. १८५८ साली याच दिवशी या झाडाला बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली. वय पंचवीस. मोलमपल्लीच्या या तरुण जमीनदाराने गोंड-माडियांची फौज उभारून इंग्रजांना काही महिने या जंगलात सळो की पळो करून सोडलं होतं. ही कथा इथल्या शाळकरी पोराला ठाऊक आहे. त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं.

आज मी बोलायला उभा आहे तो त्यांच्या जोडीदारासाठी. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव या उठावात त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले. बाबुराव सप्टेंबर १८५८ मध्ये पकडले गेले, व्यंकटराव निसटून बस्तरात गेले. एप्रिल १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केलं. खटला चालला आणि शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. मालमत्ता जप्त झाली. उठाव तोच, जंगल तेच, सरकारही तेच. एकाला दोर मिळाला आणि दुसऱ्याला आयुष्य, तेही घरापासून तोडलेलं.

व्यंकटरावांच्या नावाचा पिंपळ कुठे आहे? मी शोधला. सापडला नाही.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत ते वकीलसाहेब आम्हा ज्युनिअर पोरांना नेहमी विचारायचे, "सांगा पाहू, फाशी मोठी की जन्मठेप?" आम्ही कायद्याच्या पुस्तकातलं उत्तर द्यायचो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पुस्तक मिटा आणि बारा महिने तुरुंगात मुलाकातीला जा, मग सांगा." मी गेलो. बारा महिन्यांच्या जागी तीस वर्षं गेलो. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हयातीत देणं जमलं नाही, आज प्रयत्न करतो.

आधी एक गैरसमज दूर करू. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं आपल्याकडे चहाच्या टपरीपासून कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत सगळे सांगतात. कोणी म्हणतं, तुरुंगात दिवस वेगळा आणि रात्र वेगळी मोजतात, म्हणजे सातच. हे खरं नाही. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात हाच मुद्दा नेला होता. माफीचे दिवस धरून आमची मुदत भरली, सोडा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जन्मठेप म्हणजे त्या माणसाचं उरलेलं सगळं आयुष्य. सरकारने शिक्षा कमी केली तरच तो सुटेल, हक्क म्हणून सुटणार नाही. चौदाचा आकडा १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेल्या ४३३-अ या कलमातला. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकली असती त्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सोडायचं नाही, असं ते कलम म्हणायचं; २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही हाच नियम आहे. म्हणजे ती चौदा वर्षं दाराची नाहीत, उंबरठ्याची आहेत. तिथवर पोचल्यावर अर्ज करता येतो. पुढे गुन्ह्याची वर्गवारी, तुरुंगातली वागणूक, पोलिसांचा अहवाल आणि मग मंत्रालयातली फाईल.

काळ्या पाण्याची शिक्षा आपल्या कायद्यात १९५५ पर्यंत होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने समुद्रापार पाठवण्याच्या शिक्षेची जागा जन्मठेपेने घेतली. बोटी त्याआधीच थांबल्या होत्या. पण भामरागडच्या माणसाला नागपूरचा मध्यवर्ती तुरुंग समुद्रापारच आहे. रस्ता साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की भामरागडचा रस्ताच बंद. वीस मिनिटांच्या मुलाकातीसाठी बाईने दोन दिवस जायचं, दोन दिवस यायचं, मजुरी बुडवायची, भाडं उसनं घ्यायचं. पहिल्या वर्षी दोनदा येते, दुसऱ्या वर्षी एकदा. पुढे येत नाही. कोणी तिला दोष देऊ नये.

हा वाद आपला एकट्याचा नाही. इटलीतल्या बेकारियाने १७६४ साली आपल्या पुस्तकात फाशीला विरोध केला तेव्हा त्याचा एक मुद्दा असा होता की क्षणात संपणाऱ्या मरणापेक्षा जन्मभराची गुलामगिरी माणसाला जास्त धाक घालते. शंभर वर्षांनी, १८६८ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटात जॉन स्टुअर्ट मिल हाच धागा उलटा ओढून म्हणाला की जन्मभर सक्तमजुरीच्या कोठडीत गाडण्यापेक्षा फाशीच दयेची, म्हणून ती ठेवा. दोघेही मोठे, दोघेही कनवाळू. जन्मठेप भयंकर आहे यावर दोघांचं एकमत, आणि निष्कर्ष मात्र दोन टोकांचे.

मी दोघांशीही सहमत नाही, आणि माझ्या बोलण्याचा गाभा हाच आहे. आपल्याकडे फाशी बंद करा म्हणणारी मंडळी सभेत टाळी मिळावी म्हणून म्हणतात, "अहो, जन्मठेप फाशीहून कठोर आहे, रोज मरण आहे ते." ऐकणाऱ्याचं समाधान होतं, गुन्हेगाराला पुरेसा त्रास होणार याची खात्री पटते. मला हा युक्तिवाद फार घातक वाटतो. जी शिक्षा आपण जास्त क्रूर आहे म्हणून खपवतो ती पुढे आपण क्रूरच ठेवतो. मग तुरुंगात पंखा कशाला, मुलाकात कशाला, रजा कशाला, असे प्रश्न येतात. फाशी नको असेल तर तिची कारणं वेगळी आहेत. ती इथल्याच मातीत सापडतात.

माझ्या सुरुवातीच्या काळातलं एक प्रकरण सांगतो. विधी सेवेतून माझ्याकडे आलेलं. भामरागड तालुक्यातला एक माडिया माणूस. मोहाची दारू पिऊन रात्री भांडण झालं, कुऱ्हाड चालली, चुलतभाऊ मेला. सकाळी उतरल्यावर हा स्वतः कुऱ्हाड घेऊन पायी पोलीस ठाण्यात गेला. साक्षीपुराव्यात मला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, कारण हा सगळ्यांना खरं सांगत सुटला होता. मानववंशशास्त्रज्ञ एल्विन यांनी बस्तरमधल्या माडियांच्या शंभर खून खटल्यांवर १९४३ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. ते मी नंतर वाचलं आणि ही माणसं मला ओळखीची वाटली.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी जन्मठेप सुनावली. एकच शब्द. दुभाष्या तो त्याला सांगायला लागला आणि बराच वेळ सांगत राहिला. मला माडिया येत नाही, पण एका शब्दाला इतकी वाक्यं लागतात हे मला दिसत होतं. मध्येच तो थांबायचा, बोटाने दाराकडे दाखवायचा, मान हलवायचा. सगळं ऐकून झाल्यावर त्या माणसाने काहीतरी विचारलं. दुभाष्या माझ्याकडे वळून म्हणाला, "विचारतो आहे, मोह कोण वेचेल?" मार्च सुरू होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, जंगलातल्या मोहाच्या झाडांवर घराघरांचा हक्क असतो. ही झाडं या घराची, ती त्या घराची. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ ठेवायची, पहाटे उजाडायच्या आत टोपली घेऊन जायचं, नाहीतर ढोरं नि अस्वलं फुलं खातात. त्याच्या घरची सहा झाडं होती. त्याला फाशी आणि जन्मठेप यातला फरक विचारणारे आपण कोण? त्याने आपली शिक्षा सहा झाडांत मोजली होती.

दुसरी आठवण धानपट्ट्यातली. सिंदेवाहीकडची एक म्हातारी, लेकाला जन्मठेप. दर महिन्याला माझ्या ओसरीवर येऊन बसायची. एकदा म्हणाली, "एकडाव फाशी देल्ली असती बाबू, त रडून मोकडी झालो असतो. आता रोजच रडतो." हे वाक्य घेऊन मी कितीतरी वर्षं जन्मठेपच कठोर असं सांगत फिरलो. पुढे तो लेक संचित रजेवर, ज्याला आपण फर्लो म्हणतो, पंधरा दिवस घरी आला. रोवण्याचे दिवस होते. मी गेलो तेव्हा म्हातारी बांधावर बसून त्याला ओरडत होती, चिखल नीट कर म्हणून. फाशीचं तिला मी काही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

कुऱ्हाडीच्या त्या रात्री मेलेल्या चुलतभावालाही बायको होती, दोन लेकरं होती. कोर्टात ती मागच्या बाकावर बसायची. शिक्षा ऐकून तिच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही, आनंद नाही, सुटका नाही. गुन्हेगाराच्या शिक्षेचं माप आपण घेत बसतो तेव्हा ही बाई कुठल्याच पारड्यात नसते. तिला भरपाई मिळाली की नाही, लेकरं आश्रमशाळेत गेली की नाही, हे विचारायला फाशी मागणाराही येत नाही आणि फाशी रद्द करा म्हणणाराही नाही. मीही गेलो नव्हतो. हे मला आजही लागतं.

आता चिमूर. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. त्या दिवशी काय झालं ते इथल्या ज्येष्ठांनी वडिलांच्या तोंडून ऐकलं आहे. 'छोडो भारत' चळवळीतला मोर्चा, गोळीबार, त्यात गेलेला कोवळा बालाजी रायपूरकर, आणि मग खवळलेल्या जमावाने मारलेली चार सरकारी माणसं. त्यानंतर आलेल्या फौजेने चिमूरच्या बायकांवर केलेले अत्याचार, आणि त्यांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे अनुयायी भन्साळी यांनी केलेला त्रेसष्ट दिवसांचा उपवास. पण त्या चार सरकारी माणसांनाही घरदार होतं, हे आपण चिमूरचा अभिमान बाळगतानाही विसरू नये. खास न्यायालयांनी चिमूरच्या आणि तसाच उठाव झालेल्या आष्टीच्या खटल्यांत भराभर फाशीच्या शिक्षा ठोठावल्या. अनसूयाबाई काळे यांनी या माणसांचे प्राण वाचवण्यासाठी रान उठवलं, गांधीजींनी शब्द टाकला, अर्जांवर अर्ज गेले. अखेरीला जे फाशीच्या छायेत उरले होते त्यांची शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेवर आली.

त्या वेळी चिमुरात कोणी म्हटलं असेल का, की अरेरे, फाशी बरी होती, ही तर जास्त कठोर शिक्षा झाली? गावाला जन्मठेपेचा अर्थ नीट समजला होता. आणखी दोन वर्षांत राज्य बदलणार होतं. दोर ओढला गेला असता तर ते दिसायला ती माणसं नसती.

स्वातंत्र्यानंतरच्या आपल्याच न्यायालयांतलं एक उदाहरण देतो. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भयानक हल्ला झाला, पाच माणसं मारली गेली. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. मग तो निकाल मागे घेतला गेला, प्रकरण पुन्हा ऐकलं गेलं आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं, त्यातली कितीतरी फाशीच्या कोठडीत. फाशी की जन्मठेप, यावर त्या खटल्यात न्यायालयांचं मत दोनदा बदललं. सगळ्यांनी मोजमाप केलं आणि मोजायला माणसंच चुकीची होती.

फाशी नको याचं माझं कारण हे. ती कमी कठोर की जास्त, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. तपास करणारा आपल्यातलाच असतो, पंच आपल्यातलेच, वकीलही आमच्यासारखेच, कधी झोपाळू, कधी घाईतले. आमची चूक सुधारायला कोणीतरी जिवंत असायला हवं.

पण जन्मठेपेतही माणूस जिवंत राहील याची हमी कुठे आहे? गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना आणि इतरांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली शिक्षा सुनावली. निकालात म्हटलं होतं की जन्मठेपही अपुरी आहे, पण कायद्याने न्यायालयाचे हात बांधलेले आहेत. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत असलेला माणूस नागपूरच्या अंडा सेलमध्ये होता. आई वारली तेव्हाही त्याला जाऊ दिलं नाही. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांना मुक्त केलं, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, पुन्हा सुनावणी झाली आणि ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने पुन्हा सगळ्यांना निर्दोष ठरवलं. साईबाबा बाहेर आले आणि सात महिन्यांत, १२ ऑक्टोबरला, हैदराबादेत गेले. त्यांच्या विचारांविषयी इथे बसलेल्यांची मतं वेगवेगळी असतील. गडचिरोली जिल्ह्याने हिंसाचाराची जी किंमत मोजली आहे ती पाहता मी कोणाच्या मताला नावं ठेवणार नाही. पण त्यांच्यासोबत शिक्षा झालेला एटापल्ली तालुक्यातला एक आदिवासी तरुण ऑगस्ट २०२२ मध्येच, सुटकेच्या पहिल्या निकालाच्या दीड-दोन महिने आधी, कैदेत असतानाच आजारपणात मेला. त्याला फाशी झाली नव्हती. निर्दोष ठरल्याचं ऐकायला मात्र तो नव्हता.

म्हणून मी म्हणतो, जन्मठेप ही आपोआप फाशीहून सौम्य नसते आणि आपोआप कठोरही नसते. तिच्यात दार आहे की नाही, यावर ती काय आहे ते ठरतं. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणापुरती मर्यादित केली. पुढे २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधला रस्ता काढला. फाशी नको वाटते आणि चौदा वर्षं थोडी वाटतात, तर माफी न मिळणारी जन्मठेप द्या. फाशी टळली याचं समाधान मलाही झालं. पण या मधल्या रस्त्यावर आता गर्दी वाढते आहे. पुण्याच्या एका प्रकरणात शिक्षा अमलात आणण्याच्या दिरंगाईमुळे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दोघांची फाशी रद्द करून पस्तीस वर्षं कैद दिली. तिथे निदान आकडा आहे. मरेपर्यंत सोडायचंच नाही अशी शिक्षा मी ऐकतो तेव्हा मला ती लांबवलेली फाशीच वाटते. माणूस बदलला तरी बघायचं नाही, असं आपण आजच ठरवून टाकतो.

बदलतो का माणूस? सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानात १९३९ साली खुनाच्या कैद्यांना भिंतीविना, बेडीविना, बायकामुलांसह शेतीवर वसवलं. 'दो आँखें बारह हाथ' हा शांताराम बापूंचा चित्रपट त्याच प्रयोगावरून आला, आणि पडद्यावरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, वसाहत मात्र फार थोड्यांनी पाहिलेली असते. मी पाहिली आहे. विदर्भात मोर्शीलाही खुलं कारागृह आहे. आपल्या धानाच्या, मोहाच्या, तेंदूच्या मुलखातल्या जन्मठेपेच्या माणसाला शेवटची काही वर्षं जंगलाजवळ, घरच्यांना पोचता येईल अशा जागी, हाताला माती लागेल अशी काढता आली तर काय बिघडेल? शिक्षा शिक्षाच राहील. मुलाकातीची बाई एका दिवसात जाऊन येईल.

त्या सहा झाडांच्या माणसाच्या गावी मी आठ वर्षांनी गेलो. दुसऱ्या एका कामासाठी त्या भागात होतो, वाट वाकडी करून गेलो. तो एकदाही रजेवर आला नव्हता. जामीन राहायला कोणी नव्हतं, आणि पोलीस अहवालात गावात तंटा होईल असं लिहिलेलं. बायको दुसऱ्या घरी गेली होती, रीतीप्रमाणे, गावाच्या संमतीने. धाकटा भाऊ आश्रमशाळेत शिकलेला, मराठी बोलणारा. त्याने मला गावाबाहेर पूर्वजांचे उभे दगड दाखवले. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने दगड रोवतात. वडिलांचा दाखवला, आजाचा दाखवला. मारल्या गेलेल्या चुलतभावाचाही होता, थोडा अलीकडे, अजून शेवाळ न धरलेला. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "दादाचा रोवता येत नाही ना साहेब. आहे ना तो."

मोह कोण वेचतं, मी विचारलं. चार झाडं हा वेचत होता. दोन मेलेल्याच्या बायकोला दिली होती. गावाने ठरवलं तसं.

निघताना त्याने छपराच्या वळचणीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड काढलं. तलाठ्याने विचारलं होतं, आठ वर्षं माणूस घरात नाही, नाव कमी करायचं का? त्याला ते माझ्याकडून पक्कं करून घ्यायचं होतं. कार्डावर आईचं नाव खोडलेलं होतं, ती मधल्या काळात गेली होती. त्याच्या खाली मोठ्या भावाचं नाव, निळ्या शाईत, पुसट.

मी म्हटलं, "राहू दे नाव."

त्याने कार्ड पुन्हा पिशवीत गुंडाळलं आणि वळचणीत खोचून ठेवलं.